डोळा वाचला

ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट. एका दिवाळी अंकाची प्रुफं तपासत होते. कथेच्या दुसऱ्याच परिच्छेदात ‘घरात’च्या जागी ‘घरांत’ दिसलं. कथेत घर एकच होतं, म्हणून टिंबावर लाल पेनने काट मारली. खालच्या ओळीत ‘नांव’. त्याच्याखाली ‘कांही’. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी लेखनातून गेले. लेखक वयस्कर असतील, जुन्या वळणाचं लिहीत असतील, असं मनाशी म्हटलं. मग नजर ओळीच्या टोकाकडे नेली, तर ‘नांव’वरचं टिंब उठलं आणि माझ्याबरोबर चालू लागलं.

डाव्या डोळ्यात एक काळा ठिपका आला होता. डोळा थांबला की तोही जरा वेळाने थांबायचा, बहुतेक शिरोरेषेच्या वरच. ‘रग’ असेल तिथे ‘रंग’ वाचायला लावायचा, ‘मद’चा ‘मंद’ करायचा.

तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते. सव्वीस वर्षं मुद्रितशोधन करत होते. चष्मा इयत्ता तिसरीपासूनचा, नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस नऊ. चाळीस ओलांडल्यावर मैत्रिणी एकेक करून वाचायचा चष्मा घेऊ लागल्या. वयाच्या त्या टप्प्यालाही चाळिशी आणि त्या चष्म्यालाही चाळिशी, मराठीत दोन्हींना एकच शब्द. डोळ्यातलं भिंग तोवर ताठर होतं आणि जवळचं पाहायला पूर्वीसारखं फुगत नाही. जास्त मायनसवाल्यांची गोष्ट वेगळी. मी चष्मा काढायचे आणि कागद नाकाजवळ धरायचे. अकरा-बारा सेंटिमीटरवर मला इतकं स्वच्छ दिसायचं की कागदाचे तंतूसुद्धा मोजता आले असते. पाऊलखुणेसारखा तुटलेला रफार, अर्धवट उमटलेला नुक्ता, काही सुटायचं नाही. या डोळ्यांनी दूरचं कधीच नीट दाखवलं नाही, पण माझं काम त्यांनीच केलं. म्हणून मी त्यांना कधी अधू मानलं नाही.

ठिपका आल्यावर मी चष्म्याच्या दुकानात गेले. कॉम्प्युटरवर नंबर तपासला गेला, थोडा बदललाय म्हणाले, प्रोग्रेसिव्ह घ्या म्हणाले. घेतला. त्या यंत्राचं काम चष्म्याचा नंबर सांगणं एवढंच. बुब्बुळाच्या मागे, डोळ्याच्या तळाशी काय चाललंय ते बाहुली मोठी करून बघावं लागतं. ते तिथे कोणी बघितलं नाही आणि बघायला हवं हे मलाही ठाऊक नव्हतं. एवढा मोठा मायनस नंबर असलेल्या माणसाने वर्षातून एकदा डोळ्याच्या तळाचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासून घ्यावा, हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. आता मीच भेटेल त्याला सांगते.

सप्टेंबरात रात्री दिवा मालवला की डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला वीज चमकायची. कोयतीच्या आकाराची, क्षणभर. टेबलावर तीन अंकांची प्रुफं होती. डोळे शिणलेत, झोप झाली की बरं वाटेल, असं म्हणत आठ रात्री काढल्या. या आठ रात्रींचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा गेले असते, तर कदाचित नुसत्या लेझरवर भागलं असतं.

गणपती १९ तारखेला होते. आदल्या दिवशी मी पुण्याहून ताईकडे डोंबिवलीला गेले, पिशवीत उरलेली प्रुफं घेऊन. २० तारखेच्या संध्याकाळी आरती चालू असताना फोडणीत मोहरी तडतडावी तसे शेकडो बारीक काळे कण डाव्या डोळ्यात उडाले. सकाळी उठले तर नाकाच्या बाजूने, खालून, काळं पाणी चढत होतं. निरांजनाचा खालचा भाग दिसत नव्हता, वात दिसत होती. ताईला सांगितलं. त्या दिवशी तिच्या घरी गौरी यायच्या होत्या. तिने हातातली रांगोळी जावेकडे दिली, पायात चपला घातल्या आणि मला घेऊन निघाली.

डॉक्टर बाईंनी बाहुली मोठी करायचे ड्रॉप घातले, बराच वेळ तळाशी पाहिलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या पोकळीत जेली असते. वयाबरोबर ती आक्रसते, जास्त मायनस नंबरच्या लांबट डोळ्यात जरा लवकरच. आक्रसताना पडद्याला ओढते. पडदा कुठे पातळ असला तर फाटतो, आणि फटीतून पाणी मागे शिरलं की पडदा सुटायला लागतो. “पावसाळ्यात ओल आली की भिंतीचा रंग पापुद्र्याने सुटतो ना, तसं,” त्या म्हणाल्या. माझी फट वरच्या बाजूला होती, म्हणून सावली खाली दिसत होती, कारण पडद्यावर चित्र उलटं पडतं. पाणी मॅक्युलाच्या कडेशी पोचलं होतं. पडद्याच्या अगदी मधला तो जरासा भाग, ज्याने आपण अक्षर ओळखतो.

“उद्या सकाळी आले तर?” मी विचारलं. घरी गौरी होत्या, म्हणून. त्या म्हणाल्या, “आज.”

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डोळ्याशेजारी भुलीचं इंजेक्शन, तोंडावर कापड, यंत्राची टिकटिक, आणि मध्येच बाईंचा शांत आवाज, “आता लेझर.” जेली काढली, फटीभोवती लेझरने डाग दिले, पडदा भिंतीला टेकून राहावा म्हणून आत वायू भरला. मनगटावर एक पट्टी बांधली: डोळ्यात वायू आहे, विमानप्रवास नाही, भूल देताना नायट्रस ऑक्साइड वापरू नये. मग बाईंनी विचारलं, “घर कुठे तुमचं?” पुणे म्हटल्यावर म्हणाल्या, “मग आता घाट चढायचा नाही. मी सांगेपर्यंत डोंबिवलीतच.”

मी पहिल्यांदा ऐकून घेतलं नाही. घाटाचा आणि डोळ्याचा काय संबंध? त्यांनी सांगितलं. वर जावं तशी हवा विरळ होते, बाहेरचा दाब कमी होतो, आतला वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. तो फार वाढला तर डोळ्याचा रक्तपुरवठा थांबू शकतो. डोंबिवली जवळजवळ समुद्रसपाटीला, पुणं साधारण ५६० मीटरवर. मला दिलेला वायू पूर्ण विरायला सहा ते आठ आठवडे लागणार होते. आयुष्यभर ज्या घाटातून झोपत गेले, तो आता माझ्या घराच्या आणि माझ्या मध्ये उभा होता.

त्यात पहिले सात दिवस पालथं राहायचं. तासातली पन्नास मिनिटं तोंड जमिनीकडे, दहा मिनिटं जेवायला, आंघोळीला, ड्रॉप घालायला. वायू वर चढतो. चेहरा खाली असला की डोळ्याचा मागचा भाग वर येतो आणि बुडबुडा नेमका तिथे जाऊन पडदा दाबून धरतो. औषधाइतकंच ते पालथं राहणं महत्त्वाचं, हे बाईंनी तीनदा बजावलं.

२२ तारखेला सकाळी ताईने कोपराला धरून मला दोन जिने चढवले. मान खाली होती, डावा डोळा जाळीच्या झाकणाखाली. उंबऱ्याशी आले आणि उजव्या डोळ्याला पहिली गोष्ट दिसली ती गौरीची पावलं. आदल्या दिवशी दारापासून आतपर्यंत काढलेली, रांगोळीची, मध्ये हळदीकुंकवाची चिमूट. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी अर्धी विसकटली होती. त्यांच्यावरून मी सावकाश आत गेले. कुठे जायचं ते तीच पावलं दाखवत होती. गौरींची तोंडं मी त्या वर्षी पाहिली नाहीत.

संध्याकाळी हळदीकुंकू होतं. ताईने मला आतल्या खोलीत नेलं, पण बायका भेटायला येतच होत्या. मी स्टुलावर बसलेले, कपाळ पलंगाच्या कडेवर, दोन टॉवेलांच्या वळकटीवर टेकवलेलं. मला फक्त पाय दिसायचे. मासोळ्या, भेगाळलेल्या टाचा, नवं नेलपॉलिश, एका म्हाताऱ्या पायाच्या करंगळीचं दुमडलेलं नख. दोन दिवसांत मी माणसं पायांवरून ओळखू लागले. ताईच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर लहानपणी विळी पडली होती, तो व्रण मी पन्नास वर्षांत इतक्या जवळून पाहिला नव्हता. ती ड्रॉप घालायला आली की तो व्रण आधी यायचा. चार बाटल्या होत्या. झाकणांवर तिने मार्करने एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले होते, आणि दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटं सोडायची म्हणून ती तिथेच जमिनीवर बसून राहायची. त्या पाच-पाच मिनिटांत आम्ही जितकं बोललो, तितकं तिच्या लग्नानंतर कधी बोललो नव्हतो.

जमीन जुन्या मोझॅकची. पांढरे, काळे, विटकरी तुकडे. माझ्या नजरेखालच्या लादीत एक काळा तुकडा ‘ळ’सारखा होता. सात दिवस तो ‘ळ’ माझ्यासमोर होता. कधी डोळ्यातून पाणी गळायचं, ते त्याच्याजवळ पडायचं, आणि थेंब वाळेपर्यंत मी बघत राहायचे. मान आतून जळायची. चेहरा सुजला, नाक बंद झालं. चौथ्या रात्री झोपेत मी उताणी झाले आणि दचकून उठले. आता सगळं फुकट गेलं असं वाटून इतकी रडले की ताईने रडू नकोस म्हणून दम भरला.

भाचा कॉलेजातून आला की शेजारी बसून काहीबाही वाचून दाखवायचा. एकदा त्याने पडदा सुटण्याबद्दलच वाचलं. लोझानच्या ज्यूल गोनँ या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत दाखवून दिलं की मूळ दुखणं ती फट आहे, ती बंद केली तर पडदा बसतो. त्याआधी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणसाला आठवडेच्या आठवडे हलू न देता निजवत, आणि तरी बहुतेकांचा डोळा जाई. माझ्यावर झालं तसं जेली काढण्याचं ऑपरेशन १९७० मध्ये मायामीत रॉबर्ट माकेमर यांनी सुरू केलं. म्हणजे ते माझ्या जन्माच्या जेमतेम आधीचं. माझ्या आजीला हे झालं असतं तर तिने काळं पाणी चढताना नुसतं पाहिलं असतं. मी त्या ‘ळ’कडे बघत हे ऐकलं आणि उरलेले तीन दिवस मान दुखण्याबद्दल कुरकुर केली नाही.

फोन सारखे यायचे. ताई प्रत्येकाला सांगायची, “देवाची कृपा, डोळा वाचला.” मी पालथी पडून ते ऐकायचे. वाचणं हे क्रियापद मराठीत दोन कामं करतं, हे मला माहीत होतं. हजारो वेळा ते तपासलंय मी. पण माझा डोळा वाचला होता आणि वाचत नव्हता. एकाच शब्दाच्या दोन अर्थांच्या मध्ये आपण अशा अडकून पडू, हे ध्यानीमनी नव्हतं.

आठव्या दिवशी मान वर करायची परवानगी मिळाली. डाव्या डोळ्याला नुसता उजेड आणि हलणाऱ्या आकृत्या. पुढे दोनेक आठवड्यांनी अगदी वरच्या कडेला एक स्वच्छ पट्टी उगवली. बुडबुडा डोळ्यात वरच तरंगतो, पण चित्र उलटं असल्याने आपल्याला तो खाली दिसतो. तो आकसतो तशी त्याची कड खाली खाली उतरते. कड म्हणजे सरळ आडवी रेघ, पाण्याच्या पातळीसारखी, चालताना हिंदकळणारी. मान तिरपी केली तरी रेघ जमिनीला समांतर. भाऊजींनी सगळं आयुष्य बांधकामाच्या साइटवर काढलेलं. ते म्हणाले, “अहो, ही तर पाणसळ!” आणि रोज सकाळी चहाबरोबर विचारायचे, “आज पाणसळ कुठवर?” मी हाताने दाखवायचे. भुवईशी. पापणीशी. नाकाच्या शेंड्याशी. ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचे.

कोजागिरीला, २८ ऑक्टोबरला, गच्चीवर गेलो. त्या रात्री उशिरा खंडग्रास ग्रहणही होतं. उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने वर पाहिलं. रेघ मध्याच्या खाली होती, तिच्यावर चंद्र. अस्पष्ट, कडा पसरलेल्या, पण चंद्रच. माझा नवरा त्या शनिवारी घाट उतरून आला होता. मी त्याला म्हटलं, दिसतोय. त्याला पुढे बोलता आलं नाही.

दिवाळी अंकांचं काम मी परत पाठवलं होतं. तीनही संपादकांनी समजून घेतलं, तब्येत सांभाळा म्हणाले. ती पाकिटं नवऱ्याकडे देताना मला जे झालं, ते ऑपरेशनच्या टेबलावर झालं नव्हतं. सव्वीस वर्षांत एक ऑक्टोबर असा गेला नव्हता.

नोव्हेंबर उजाडता बुडबुडा वाटाण्याएवढा झाला, मग साबुदाण्याएवढा, मग त्याचे तीन झाले. खाली पाहिलं की तिघे मध्यभागी गोळा व्हायचे. एका सकाळी भाऊजींनी विचारलं आणि मी शोधत राहिले. काहीच नव्हतं. बाईंनी तपासलं, मनगटावरची पट्टी स्वतः कात्रीने कापली आणि म्हणाल्या, जा आता दिवाळीला घरी. धनत्रयोदशीला कल्याणहून गाडीत बसले. कर्जतला मागून इंजिनं जोडतात तेव्हाचा तो हिसका बसला आणि मी डोळ्यावर हात धरला. बोगद्यांमागून बोगदे गेले. डोळ्याला काही झालं नाही. लोणावळा येईपर्यंत मी हात काढला नव्हता.

घरी टेबलावर तिन्ही अंक छापून आलेले होते. एक उघडला, उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याने ओळ पाहिली आणि शिरोरेषा वाकलेली दिसली. सरळ रेघ मध्येच उचलल्यासारखी, कपडे वाळत घालायची दोरी कोणी मधोमध हाताने वर उचलावी तशी. दोन अक्षरं त्या वाकणात चिमटली होती. शब्द कळत होता, पण अक्षर पुसट होतं, आणि वेलांटी पहिली की दुसरी ते सांगता येत नव्हतं.

तपासणीत भिंतीवरच्या तक्त्याच्या बऱ्याच ओळी मी वाचल्या. बाई समाधानी होत्या आणि ते समाधान खरं होतं. पडदा बसला होता, आतून जागच्या जागी होता. वाकलेल्या रेघेचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, मॅक्युलाला पाणी लागलं होतं, वर्षभर हळूहळू सुधारेल, थोडं राहील. चौकटींचा एक कागद दिला, रोज एकेका डोळ्याने पाहायला. मला त्या कागदाची गरज वाटत नाही. देवनागरीच्या प्रत्येक ओळीवर रेघ आखलेलीच असते.

लोक म्हणायचे, एवढं वाचलं त्याचं समाधान मान. मानलंच. पण जे गेलं त्याचं दुःखही केलं, आणि ते करू दिलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तक्त्यावरची अक्षरं मोठी, सुटी, काळीभोर असतात. पूर्ण पान वाचणं, ओळीच्या टोकाहून पुढच्या ओळीच्या आरंभावर अचूक उतरणं, हे वेगळं काम आहे आणि ते कोणत्याही तक्त्यात मोजत नाहीत. कोणी ऑपरेशन होऊन आलं की आपण विचारतो, दिसतं ना आता? मी आता विचारते, वाचता येतं का? किती वेळ? त्यावर माणसं खूप बोलतात. बहुतेकांना हे कोणी विचारलेलंच नसतं.

जेली काढलेल्या डोळ्यात पन्नाशीनंतर मोतीबिंदू लवकर येतो. मलाही आला. २०२४ भर डावा डोळा गढूळ होत गेला, दिवाळीपर्यंत कागद चहासारखा दिसू लागला. डिसेंबरात दुसरं ऑपरेशन झालं, पहिल्याच्या मानाने फारच सोपं. पण त्याआधी बाईंनी विचारलेल्या प्रश्नाने माझी दोन रात्री झोप उडाली. आत बसवायच्या भिंगाचा नंबर निवडता येतो. “दूरचं बिनचष्म्याचं हवं की जवळचं?”

आठ वर्षांची असल्यापासून मी ज्याची वाट पाहिली, ते समोर ठेवलं होतं. सकाळी उठल्यावर, चष्मा न शोधता, खिडकीबाहेरचं झाड. मुलगा म्हणाला, आई, दूरचंच घे, वाचायला चष्मा आहेच. नवरा काही बोलला नाही. मी जवळचं मागितलं. मायनस अडीच ठेवा म्हटलं, म्हणजे चाळीस सेंटिमीटरवर, मांडीवरच्या पॅडवर कागद असतो तिथे. बाईंनी पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि लिहिलं.

पट्टी काढल्यावर पहिलं दिसलं ते पांढरं. कागद पांढरा होता, निळसर पांढरा, वर्षभर विसरलेला. त्या डोळ्याचं नाकाजवळचं जुनं स्वच्छ दिसणं मात्र आता नाही. ते माझ्या स्वतःच्या भिंगाबरोबर गेलं. उजव्या डोळ्यात ते अजून आहे. दोन्ही डोळ्यांचा मेळ बसावा म्हणून उजव्यात दिवसा काँटॅक्ट लेन्स घालते. रात्री ती काढली की कधी कधी एखादं जुनं पुस्तक नाकाशी धरते आणि उजव्या डोळ्याने दोन पानं वाचते. उजव्याचा पडदाही एका जागी पातळ होता, तिथे लेझर करून घेतलं आहे. दर सहा महिन्यांनी बाहुली मोठी करून तपासते. त्या दिवशी काम घेत नाही.

काम निम्मं केलंय. वर्षाला दोनच दिवाळी अंक. पाऊण तास वाचते, दहा मिनिटं डोळे मिटून बसते. डाव्या डोळ्यातली रेघ आता पूर्वीपेक्षा कमी वाकते, पण वाकते. उजव्यात नवे ठिपके आले आहेत, ते निरुपद्रवी आहेत असं तपासून झालं आहे, आणि ते जुन्या जागीच येऊन बसतात, शिरोरेषेच्या वर.

परवा एका कवितेच्या प्रुफात ‘मंद’ दिसलं. ओळीत ‘मद’ही बसला असता. मूळ हस्तलिखित हाताशी नव्हतं. मी नजर उचलून खिडकीकडे नेली, झाडावर ठेवली, सावकाश परत आणली. टिंब जागच्या जागी होतं. ते कागदाचंच होतं. मी समासात बरोबरची खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले.